गाडी चालूच होती

दादा, ती वाफ मी पाहिली होती.

जेवण आटोपून वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेले, तर गल्लीच्या तोंडाशी बदामाच्या झाडाखाली एक पांढरी गाडी उभी होती. बॉनेटमधून वाफ येत होती आणि तीनचार माणसं भोवती जमत होती. कुणाची तरी गाडी तापली, एवढंच माझ्या मनात आलं. ऑक्टोबरचं ऊन डोळ्यांवर येत होतं. कपडे घेऊन मी आत आले, पडदा ओढला आणि घड्या घालत बसले. टॉवेल, गाऊन, उशांचे अभ्रे. एका अभ्र्याची घडी अर्धी झाली होती तेव्हा वहिनींचा फोन आला.

"मंगल, हे तुझ्याकडे आलेत का?"

"नाही. का?"

मग त्या म्हणाल्या, "ह्यांच्या फोनवरून कुणीतरी बोलत होतं. माटुंग्यात गाडीत बेशुद्ध सापडलेत म्हणे. तुझ्या घराजवळच कुठेतरी."

मी पडदा बाजूला केला.

खाली पोचले तोवर तुला हॉस्पिटलात नेलं होतं. गाडी तिथेच होती, दारं उघडी. तिच्या खालून हिरवट पाणी वाहत गटाराकडे चाललं होतं. डॅशबोर्डवर तुझा चष्मा होता, काड्या मिटून नीट ठेवलेला. तो मी उचलला आणि टॅक्सीत बसले. वाटेत तो चष्मा मी मुठीत इतका घट्ट धरला होता की हॉस्पिटलच्या दारात उतरताना एक काडी वाकलेली दिसली. ती मी सरळ करत राहिले. तुला दाखवायला नेतील तेव्हा चष्मा नीट असायला हवा, असं काहीतरी डोक्यात होतं. डॉक्टर म्हणाले, आणलं तेव्हाच काही उरलं नव्हतं. हृदय. फार त्रास झाला नसावा.

"सगळ्यांना असंच सांगतात," वहिनी म्हणाल्या. रडल्या नाहीत. नुसत्या भिंतीकडे बघत बसल्या.

तू कसा गेलास याची गोष्ट तुझ्या घरात पहिल्या दोन दिवसांतच तयार झाली. ती कुणी रचली, सांगता यायचं नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण तिच्यात थोडी भर घालून जायचा. भोईवाड्यातली शेजारची माणसं, तुझ्या बँकेतले लोक, वहिनींच्या माहेरचे. गाडी रस्त्यात तापली, सुधीर घाबरला, एवढ्या उन्हात खाली उतरून खटपट केली असणार, बॉनेट उघडायला गेला असणार, ताण आला आणि बसल्या जागी गेला. ऐकणारा मान हलवायचा. "ह्या नव्या गाड्या," कुणीतरी म्हणायचं.

गौरी कोपऱ्यात बसून हे ऐकत होती. तुझी लेक, चोवीस वर्षांची, एरवी तुझ्याइतकीच बडबडी. कुणाला पाणी हवंय का, एवढंच विचारायची. तिसऱ्या दिवशी पाहुणे पांगल्यावर तिने हातातला तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?" मी विचारलं.

"रविवारी मी गाडी घेऊन गेले होते. हिंदमाताला ट्रॅफिकमध्ये अडकले तेव्हा एसीतून गरम हवा यायला लागली. काटा पण वर चढला होता. मग गाडी पुढे निघाली आणि काटा उतरला. बाबांना सांगायचं म्हटलं आणि राहून गेलं. सोमवारी ऑफिस, मंगळवारी ऑफिस. राहूनच गेलं, आत्या."

वहिनी तिच्याकडे बघत होत्या. मग अगदी हळू, कुणाला तरी वेळ विचारावी तशा आवाजात म्हणाल्या, "सांगितलं असतंस तर आज हे असते."

त्यानंतर त्या दोघी एकमेकींशी बोलल्याच नाहीत, दादा. एका घरात, एका स्वयंपाकघरात. वहिनी ताट वाढून ठेवायच्या आणि उठून जायच्या. गौरी ताटातलं तसंच झाकून ठेवायची. दिवस झाले, लोक यायचे थांबले, आणि घरात ते एक वाक्य तेवढं राहिलं. तू असतास तर मध्ये पडून दोघींना आलटूनपालटून रागावला असतास. तुझा तो आवाज. मला तो आवडायचा नाही, हे तुला माहीत होतं. आता घरात तेवढा एकच आवाज हवा होता.

गाडी दादरला पोलिसांच्या आवारात उभी होती. कागदपत्रं झाल्यावर ती घेऊन जा, म्हणून फोन आला. वहिनी म्हणाल्या, "भंगारात द्या. मला ती दिसायला नको." मी बरं म्हटलं. खाली उतरले आणि प्रकाशला फोन लावला.

प्रकाशला मी का फोन केला हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. तुझा शाळेपासूनचा दोस्त, लालबागला गॅरेज, गाड्यांचं त्याला कळतं, एवढंच. फोनवर मी म्हणाले, "प्रकाश, ती गाडी कशी तापली ते मला बघून देशील?"

त्याने विचारलं, "दुरुस्त करायचीय?"

"ते माहीत नाही. काय झालं ते कळायला हवं. पोरगी मरतेय इथे."

"पाठवतो टोइंगवाला," तो म्हणाला.

त्या गाडीवरून तुमचं काय काय वाजलं होतं. बँकेतून मोकळा झाल्यावर तू आयुष्यातली पहिली कोरी गाडी घेतलीस आणि तीही टर्बो. प्रकाश तुला सांगत होता, सुध्या, साधं इंजिन घे, ह्या वयात कशाला हवाय टर्बो. तू त्याचं ऐकलं नाहीस. मला मात्र पहिल्याच दिवशी बसवून समजावून सांगितलंस, "इंजिनातून जो गरम धूर फुकट बाहेर जातो ना, त्याच्या जोरावर एक छोटी चक्री फिरते. ती चक्री इंजिनात जादा हवा कोंबते. फुकट जाणाऱ्यातून ताकद काढायची, मंगे." मग एका सकाळी मला घेऊन तू गिरगाव चौपाटीला निघालास. लालबागच्या पुलावर रस्ता रिकामा मिळाला तेव्हा म्हणालास, "आता बघ हां," आणि पाय दाबलास. माझी पाठ सीटला चिकटली. मी तुला वाट्टेल ते बोलले. तू हसत होतास, तोंड उघडं टाकून, साठ वर्षांचा माणूस. चाळीच्या जिन्याच्या कठड्यावरून घसरत यायचास तेव्हा अगदी असाच हसायचास. ती सकाळ मला दिलीस याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. उलट वहिनींकडे चुगली केली.

गॅरेजमध्ये मी गौरीला बरोबर घेऊन गेले. ती यायला तयार नव्हती. "काय बघायचंय त्यात?" म्हणाली. मी म्हटलं, मला एकटीला कळणार नाही, तू चल. ती गाडीपासून लांब उभी राहिली, हाताची घडी घालून.

"चावी लावायची नाही," प्रकाश पहिल्यांदा हेच म्हणाला. "एवढं तापलेलं इंजिन आधी आतून बघायचं. सुरू करायचं का ते नंतर."

त्याने पुढचं दार उघडलं आणि तसाच थांबला. सीट मागे सारलेली होती, तुझ्या लांब पायांसाठी. प्रकाशला वाकून आत जायचं होतं. तो सीटवर बसला नाही. बाहेर गुडघ्यावर बसून हात लांब करून त्याने बॉनेटचा खटका ओढला.

मग तो कामाला लागला आणि मी बघत राहिले. कूलंटची टाकी कोरडी होती. इंजिन गार ठेवणारं सगळं पाणी उकळून आणि सांडून गेलं होतं. पाइप फाटलेला नव्हता, रेडिएटर गळत नव्हता. ऑइलची पट्टी ओढून त्याने बोटावर थेंब घेतला आणि उजेडात धरला. "तपकिरी आहे. पाणी ऑइलमध्ये शिरलं असतं तर दुधाळ दिसलं असतं." मग त्याने प्लग काढले आणि त्या भोकातून एक बारीक नळी आत सोडली. नळीच्या टोकाला कॅमेरा. छोट्या पडद्यावर सिलिंडरचं पोट दिसायला लागलं. गोल, चकचकीत, तिरक्या बारीक रेघांचं. हॉस्पिटलात आईच्या पोटात असाच कॅमेरा घातला होता तेव्हा तू आणि मी पडद्याकडे बघत उभे होतो, आठवतं? तेव्हाही आपल्याला काही कळत नव्हतं आणि आपण डोळे फाडून बघत होतो.

"ओरखडा नाही," प्रकाश म्हणाला. दुसऱ्यात नळी घातली. "इथेही नाही." मग तो सरळ उभा राहिला. "गौरी, इकडे ये."

ती आली.

त्याने हवेचा मोठा पाइप सोडवून ठेवला होता. आत नखाएवढ्या पात्यांची एक चक्री दिसत होती. "हा टर्बो. बोटाने फिरव."

गौरीने बोट लावलं. चक्री फिरली. आवाज नाही, अडखळणं नाही.

"आता वरखाली हलवून बघ. हलते?"

"नाही."

"तापलेली गाडी कुणी दामटली असती तर इथलं ऑइल जळून काजळी धरली असती. चक्री अशी फिरली नसती. आत सिलिंडरवर चरे पडले असते." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "ही गाडी गरम असताना कुणी पळवलेली नाही."

प्रकाशने बॅटरीवरून दोन तारा घेऊन रेडिएटरच्या पंख्याला लावल्या. पंखा हलला नाही. त्याने तारा काढून परत लावल्या. पंखा तसाच.

"हाच," गौरी म्हणाली. तिचा चेहरा पडला. "ट्रॅफिकमध्ये काटा चढला तो ह्यामुळेच. पळताना समोरून वारा लागतो म्हणून उतरला. हेच मी सांगायला हवं होतं."

"थांब," प्रकाश म्हणाला. "अजून माझं झालेलं नाही."

त्याने स्टीअरिंगखाली एक वायर जोडली आणि हातातला स्कॅनर सुरू केला. अशा गाड्यांमध्ये काही बिघडलं की त्या क्षणाला इंजिन काय करत होतं ते गाडी आपोआप टिपून ठेवते, असं त्याने मला सांगितलं. तो वाचत होता आणि त्याचे ओठ हलत होते. बराच वेळ त्याने मान वर केली नाही.

"काय?" मी विचारलं.

"इंजिन हाताबाहेर तापलं तेव्हा गाडीचा वेग शून्य आहे. ॲक्सिलरेटरवर पाय नाही. नुसतं चालू."

"सिग्नलला पण वेग शून्यच असतो, काका," गौरी म्हणाली. तुझीच पोरगी, सहजासहजी मानणार नाही.

"असतो. म्हणून हे बघ." त्याने स्कॅनर तिच्यापुढे धरला. "इंजिन सुरू केल्यापासून तापेपर्यंत किती वेळ गेला तो. भोईवाड्याहून माटुंग्याला यायला दुपारी जेवढा वेळ लागतो, त्याच्या तिप्पट आहे. सुध्या वाटेत कुठे थांबला होता का?"

"नाही. बाबा जेवून निघाले. आई म्हणाली, मंगलकडे जाऊन येतो म्हणाले."

हे मला तेव्हाच कळलं, दादा. तू माझ्याकडे येतोय असं सांगून निघाला होतास, हे वहिनींनी मला सांगितलं नव्हतं.

प्रकाशने हात पुसायला फडकं घेतलं आणि नुसतं धरून ठेवलं. "तो नीट पोचला होता, गौरी. गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, पट्टा काढला, दाराचं लॉक काढलं. गाडी तोवर ठीक होती. तो थांबला, आणि गाडी उभ्या उभ्या चालू राहिली. पंखा बंद, वारा नाही. हळूहळू तापत गेली. बॉनेट बंदच होतं; हे सगळं जमलेल्या माणसांनी पोलिसांना सांगितलंय ना. तो खाली उतरलाच नाही. तापल्याचं त्याला माहीतच नाही."

गॅरेजच्या बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा तो टीं टीं आवाज येत होता. तो थांबल्यावर गौरीने विचारलं, "म्हणजे बाबा गेल्यावर गाडी चालूच होती?"

"हो."

"किती वेळ?"

प्रकाशने फडकं बाजूला ठेवलं. म्हणाला, "एक सांगू का. पंखा चांगला असता तर गाडी तापली नसती. वाफ आली नसती. संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नसतं. वाफ बघून लोक धावले." मग तो बाहेर गेला आणि आमच्याकडे पाठ करून फुटपाथवर उभा राहिला. मी त्याच्याकडे गेले नाही. तुमचं तुमच्यात होतं ते.

गौरी चालकाच्या बाजूचं दार धरून उभी होती. तिला रडू आलं, ते सगळ्या दिवसांत पहिल्यांदा. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तुला खोटं कशाला सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं नाही. मला ती गाडी दिसत होती, झाडाखाली. आत तू. आणि तुझ्यापुढे इंजिन आपलं चालू, तुझ्यासाठी, कुणी बंद करेल याची वाट बघत.

घरी आल्यावर मी आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनला गाठलं. गाडीचं दार उघडून चावी त्यानेच बंद केली होती. त्याला विचारलं, ती गाडी तिथे कधीपासून होती.

"वो तो कब से खड़ी थी, मॅडम," तो म्हणाला. "मैं चाय पीने गया तब भी थी, आया तब भी थी. लगा, साहब एसी लगा के सोये हैं. चष्मा निकाल के रखा था ना." मग चूक झाल्यासारखा खाली बघत म्हणाला, "चेहरा एकदम आराम में था."

तू गाडी बंद का केली नाहीस, हे मला माहीत आहे. ते वहिनींना, गौरीला, सगळ्यांनाच माहीत आहे. टर्बो असला की पोचल्यावर लगेच चावी फिरवायची नसते, असं तुला गाडी विकणाऱ्याने सांगितलं होतं; चक्री गरम असते, तिला मिनिटभर चालू इंजिनात गार होऊ द्यायचं. शहरातल्या शहरात हळू चालवलेल्या गाडीला त्याची गरज नसते, असं प्रकाशने तुला दहादा सांगितलं. तू ऐकलं नाहीस. घराखाली आलास की गाडीत बसून राहायचास. वहिनी खिडकीतून ओरडायच्या, बंद करा की ती, आणि तू काचेतून एक बोट वर करायचास. एक मिनिट. मी एकदा तुला म्हणाले होते, टर्बोचं निमित्त आहे, तुला एकटं बसायला आवडतं. तू नाही म्हणाला नाहीस.

वहिनींना सांगायचं काम माझ्यावर आलं. गौरीही बसली होती, पण आईच्या समोर नाही, जरा बाजूला. मी सगळं क्रमाने सांगितलं. चक्री, कॅमेरा, पंखा, वेग शून्य. मला वाटलं, त्या मध्येच उठून जातील. नाही गेल्या. भाजी निवडत होत्या, ती निवडत राहिल्या.

मग त्यांनी गौरीला विचारलं. मला नाही, गौरीला. "एसी चालू होता?"

"हो, आई. बटण चालूच होतं. इंजिन फार तापलं की तो आपोआप बंद होतो. पण बाबा थांबले तेव्हा चालू होता. गार हवा येत असणार."

वहिनींनी मेथीची काडी मोडली. "मग ह्यांना उकडलं नसेल," त्या म्हणाल्या.

"नाही, आई."

"मला सारखं तेच यायचं डोळ्यांपुढे. उन्हात घामाघूम झालेत, कुणाला तरी हाका मारतायत." त्या जुडी बाजूला ठेवून गौरीकडे वळल्या. "इकडे ये."

मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले. त्या दोघींचं जे बोलणं झालं ते मी तुला सांगू शकत नाही, कारण मी ऐकलं नाही. संध्याकाळी दोघी एका ताटात जेवल्या.

इंजिनाचं म्हणशील, तर ते अगदीच धडधाकट सुटलं नव्हतं. प्रकाशने नवीन पंखा बसवला, पाणी भरलं, मग सुरू करून बघितलं आणि टाकीच्या तोंडाशी निळ्या पाण्याची एक नळी धरली. ते निळं हळूहळू पिवळं झालं. इंजिनाच्या डोक्याखालचं गॅस्केट जळलं होतं, धूर पाण्यात शिरत होता. "हेड उतरवावं लागेल, घासून सपाट करावं लागेल," तो मला फोनवर म्हणाला. "पण वाचेल." हा शब्द बोलल्यावर आम्ही दोघंही गप्प झालो. मग तो म्हणाला, भंगारात देऊ नका. सुध्याची आहे.

आता माझं आणि तुझं.

आपण बोलत नव्हतो, दादा. मी माटुंग्याचं घर सोडून नाशिकला मैत्रिणीच्या शेजारी राहायला जायचं ठरवलं आणि तुला सगळं ठरल्यावर सांगितलं. तू म्हणालास, "आईबाबा गेले, आपण दोघंच उरलोय, आणि तू निघालीस." मी म्हटलं, मी लग्न केलं नाही म्हणून जन्मभर तुझ्या हाकेच्या अंतरावर राहायचं का. तू फोन ठेवलास. पुढे पंधरवडाभर तूही केला नाहीस आणि मीही नाही. आपल्याला हे नवीन नव्हतं. लहानपणी बाबांची दुसरी पाळी संपेपर्यंत आपण एकमेकांकडे पाठ करून बसायचो आणि ते मिलमधून आले की काही झालंच नाही असं ताट घ्यायचो.

त्या दुपारी तू काय बोलायला येत होतास? हे इंजिनात कुठे टिपलेलं नाही. मी प्रकाशला विचारलं नाही, पण मनात हेच होतं, की जर सगळं कळतं तर हेही कळावं. फाटकापाशी न येता तू गल्लीच्या तोंडाशीच का थांबलास? छातीत काही झालं म्हणून, की वर येऊ की नको म्हणून? मिनिटभर टर्बोला देत होतास की स्वतःला? चष्मा काढून ठेवलास, म्हणजे डोळे मिटून बसायचा विचार होता. दाराचं लॉक काढलंस, म्हणजे उतरायचा होता. या दोन गोष्टी मी रोज एकमेकींसमोर ठेवते. कधी वाटतं, तू भांडायलाच येत होतास. कधी वाटतं, जा म्हणून सांगायला.

मी जाईन, असं अजून वाटतं. तू गेलास म्हणून तुझं म्हणणं बरोबर ठरत नाही. हे तुला समोर बसवून सांगायचं होतं. तू टेबलावर हात आपटला असतास, मी चहा ओतला असता, आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथूनच सुरू केलं असतं. आता दुपारी गल्लीत एखादी गाडी उभी राहिली आणि तिचं इंजिन बंद झालं नाही, की माझे हात थांबतात. मी गॅलरीत जाते. बहुतेकदा कुणीतरी कुणाची तरी वाट बघत असतो. तो निघून गेल्यावरच मला आत येता येतं.

परवा अशीच गेले, तर खाली फाटकाशी तुझी गाडी.

गौरी येणार आहे हे मला माहीत होतं. प्रकाशकडून गाडी घेऊन ती थेट येते म्हणाली होती. पण वेळ गेला तरी जिन्यावर कुणाची पावलं येईनात. फाटकाजवळच्या झाडातून गाडीचं छत आणि अर्धी काच दिसत होती. इंजिन चालू होतं. आत कोण आहे ते दिसत नव्हतं. मी हाक मारली, ती ऐकू गेली नाही. मग मी पायात चप्पलही न घालता जिना उतरले. दुखऱ्या गुडघ्याचं मला भान राहिलं नाही. गाडीपाशी जाऊन काचेवर दोन्ही हातांनी मारलं.

काच खाली झाली. आत गौरी होती, आणि तिच्या शेजारी वहिनी. वहिनी वाकून पायांपाशी काहीतरी शोधत होत्या.

"काय झालं, आत्या?" गौरीने घाबरून विचारलं. "आईची जपमाळ सीटखाली गेली. ती काढतोय."

"आधी बंद कर," मी म्हणाले.

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चावी फिरवली. इंजिन थांबलं. पण बॉनेटखाली काहीतरी चालूच राहिलं, घरघरत, एकसारखं. मी गाडीला हात लावला. पत्र्यातून ते हाताला जाणवत होतं.

"बंद केलीस ना?"

"केली. तो पंखा आहे, आत्या, नवा. इंजिन गरम असलं तर बंद केल्यावरही थोडा वेळ चालतो. काका म्हणाले, आपोआप थांबतो."

वहिनींना माळ सापडली होती. ती हातात धरून त्या खाली उतरल्या आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. गौरीही उतरली. वर चला, असं कुणीच म्हणेना. आम्ही तिघी बॉनेटकडे बघत भर रस्त्यात उभ्या होतो आणि येणारीजाणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. घरघर हळू झाली, मग अजून हळू.

"थांबला," वहिनी म्हणाल्या.

मग आम्ही वर गेलो.